क्रेन सुस्थितीत आहे

मूल आणि खेळणं एकत्र आले की दोघांपैकी एक मोडतं. मूल मोडून चालत नाही, म्हणून जगभर खेळणी मोडतात आणि लोक दरवर्षी नव्या भेटवस्तूसाठी दुकानं पालथी घालतात. मुलांना दीर्घकाळ पुरेल असं काय द्यावं, हा प्रश्न आमच्या घराने कायमचा निकालात काढला आहे. इतरांनाही लाभ व्हावा, या निव्वळ परोपकारी हेतूने आमची पद्धत इथे देत आहे.

पद्धतीचं श्रेय माझ्या थोरल्या बहिणीचं. माझ्या पुतणीची, म्हणजे मुंगीची (वय पाच; खरं नाव फक्त शाळेपुरतं), ती आत्या, आणि आता घरात सगळेच तिला आत्या म्हणतात. एका ग्रंथालयाच्या संदर्भ विभागातून ती निवृत्त झाली. तिच्या अख्ख्या कारकिर्दीत तिथलं एकही पुस्तक फाटलं नाही, कारण एकही कुणाच्या हाती लागलं नाही. असा अनुभव घरात असताना बाहेरचा सल्ला घेणं हा करंटेपणा झाला असता.

निवड मात्र आम्ही फार विचारपूर्वक करतो. वस्तू बुद्धीला चालना देणारी हवी, कोपरे गोल हवेत, रंग चाटला तरी बाधू नये. (रंग आधी मी चाटून पाहतो. मी एका कारखान्यात माल तपासनीस आहे, सवय आहे.) मुंगीच्या चौथ्या वाढदिवसाला मी अशी एक लाकडी क्रेन आणली. पिवळीधमक, हाताने फिरवायची चरखी, दोरीच्या टोकाला हूक. त्या हुकाने काडेपेटी उचलता येते. दुकानात मी ती इतक्या वेळा उचलून पाहिली की दुकानदाराने शेवटी विचारलं, "लहान मुलासाठीच घेताय ना?"

मुंगीने चरखी एकदा फिरवली. हूक वर गेला, आणि मुंगीच्या भुवयाही त्याच्याबरोबर वर गेल्या. तेवढ्यात आत्या म्हणाली, "छान आहे हो. आता ठेवून देऊ, नाहीतर खराब होईल." क्रेन दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात गेली आणि किल्ली आत्याच्या चष्म्याच्या डबीत.

नियम अगदी सोपे आहेत. कपाटातल्या वस्तूंकडे मूल केव्हाही, कितीही वेळ पाहू शकतं (पाहण्यावर आम्ही कसलंही बंधन घातलेलं नाही). हातात मिळण्यासाठी मात्र हात धुतलेले हवेत, अभ्यास झालेला हवा, घरात पाहुणे नकोत, आत्याचा डोळा लागलेला नको, आणि मूल पुरेसं मोठं हवं. फार मोठंही चालत नाही, "एवढी घोडी झालीस, आता काय क्रेन खेळतेस?" असं विचारावं लागतं. 'अजून लहान आहे' आणि 'आता मोठी झाली' यांच्यामध्ये प्रत्येक मुलाच्या आयुष्यात एक पात्रता-काळ येतो. मुंगीचा तो एका मंगळवारी दुपारी येऊन गेला. तेव्हा तिला ताप होता.

निकाल डोळ्यांत भरणारा आहे. वर्ष उलटलं तरी आमची खेळणी शंभर टक्के सुस्थितीत आहेत. शेजाऱ्यांच्या घरी गाडीला चाक नाही, अस्वलाला कान नाही, बाहुलीला डोकं नाही; आणि त्यांचं पोरगं ती बिनडोक्याची बाहुली काखेत मारून सकाळ-संध्याकाळ हुंदडत असतं. आम्हाला त्या आईबापांची कीव येते.

सुरुवातीला मुंगी रोज विचारायची, "काका, आज झाले का मी मोठी?" मी तिला भिंतीशी उभी करून मापायचो आणि सांगायचो, "थोडंसंच राहिलंय." हे सांगताना मला वाईट वाटायचं, हे कबूल केलं पाहिजे. शिवाय क्रेन मलाही चालवायची होती. पुढे तिने विचारणं सोडून दिलं आणि आम्ही सगळे म्हणालो, पोरगी शहाणी झाली.

मग दादाचा, म्हणजे मुंगीच्या बाबांचा, चष्मा दिसेनासा झाला.

"ठेवून दिलाय," मुंगी म्हणाली. "खराब झाला असता."

त्यानंतर माझं पेन गेलं, वहिनीचा मोबाईल गेला. सगळं पलंगाखालच्या जुन्या सुटकेसमध्ये नीट कापडात गुंडाळून. वहिनी मोबाईल मागायला गेली.

"हात दाखव," मुंगी म्हणाली. "अभ्यास झाला?"

"माझा अभ्यास कधीच झालाय गं!"

"मग मोठी झालीस की. आता काय मोबाईल खेळतेस?"

आमच्या घरी कोणत्याही वस्तूत तिचं मन इतकं रमलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. कंटाळा शून्य टक्के, मोडतोड शून्य टक्के (वहिनी रडकुंडीला आली, ते यात धरलेलं नाही).

अशातच नात्यातल्या एका मुलाचा वाढदिवस आला. कपाटातलं एखादं कोरं खेळणं पुढे सरकवायचं ठरलं. (हा पद्धतीचा आणखी एक फायदा.) आत्याने चष्म्याची डबी उघडली, तर किल्ली गायब.

"मुंगे, किल्ली दे."

"हरवशील."

"मी? मी हरवेन?"

"तुझीच आहे, आत्या," मुंगी समजुतीच्या सुरात म्हणाली. "तुझीच आहे ती. मी फक्त ठेवून दिलीये."

जिने भल्याभल्या प्राध्यापकांना रिकाम्या हाताने परत पाठवलं, ती आत्या पाचच मिनिटांत गयावया करू लागली. शेवटी मुंगीला दया आली. तिने आम्हा चौघांना कपाटासमोर ओळीत उभं केलं आणि कुलूप उघडलं.

"नुसतं बघायचं. हात मागे."

आम्ही हात मागे बांधून बघत राहिलो. क्रेन नव्यासारखी चकाकत होती. माझा हात आपोआप पुढे गेला.

"काका!"

मी तो मागे घेतला. "बरं, तू तरी फिरव गं," मी म्हणालो. "तुझीच आहे ना? फिरव एकदा."

तिने क्रेनकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. "नको," ती म्हणाली. "खराब होईल." आणि कुलूप लावलं.

आत्या "गुणाची गं माझी बाई," असं म्हणाली खरी, पण तिने चष्म्याची रिकामी डबी दोनदा उघडून मिटली. त्या वाढदिवसाला आम्ही रिकाम्या हाताने गेलो.

तर वाचकहो, पद्धत खात्रीची आहे, बिनदिक्कत वापरा. तुमच्याही घरात एक कपाट असेलच. त्यातल्या वस्तूंना मूल कधी हात लावणार नाही, पण कपाटाचा खेळ ते जन्मभर विसरणार नाही. पुढे तुमचे हात थोडे थरथरू लागतील. एके दिवशी तुम्ही स्वतःच्या घरात, स्वतःच्या चहासाठी, स्वतःचं पातेलं उचलायला जाल, आणि कुणीतरी ते तुमच्या हातातून अलगद काढून घेईल. "राहू द्या, सांडाल," असं अगदी प्रेमाने सांगेल. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही दिलेल्या भेटीशी मूल अजून खेळतंय.