तक्रारी : एकूण एक्केचाळीस

सोमवारी सकाळी ताईंनी कॉम्प्युटर सुरू केला, तर पडदा कोरा. शुक्रवारी तिथे एकशे सात फायली होत्या. डावीकडे चौकश्या, उजवीकडे उत्तरं, मधे नजरेला विसावा म्हणून मोकळी पट्टी. पाण्याचे मीटर बनवणाऱ्या त्या कंपनीचा सगळा पत्रव्यवहार ताई बावीस वर्षं सांभाळत होत्या आणि ती पट्टी त्यांनी कुणालाही भरू दिली नव्हती.

त्या तडक नेटवर्कवाल्यांच्या खोलीत गेल्या. पन्नाशीचे गृहस्थ, आवाज कायम थंड. तो थंडपणाच ताईंना जास्त झोंबायचा.

"माझ्या फायली कुठायत?"

"सर्व्हरवर. उद्या तुमचा कॉम्प्युटर बसला तरी फायली सुखरूप. पॉलिसीच लावलीय, लॉग-इन केलं की सगळ्यांची फोल्डरं आपोआप तिकडे जातात."

"मला विचारलं होतंत?"

"सूचना काढली होती की."

"कुठे?"

"डॉक्युमेंट्समध्ये." ते जरा घुटमळले. "सर्व्हरवरच्या."

"म्हणजे कुलूप बदललंत आणि किल्ली घरात ठेवलीत."

रागारागाने परत येऊन त्यांनी डॉक्युमेंट्स उघडलं. तिथे त्यांच्या फायली होत्याच, पण हिशेबनीसांच्या कविताही होत्या. गोदामवाल्या काकांचा वजन उतरवण्याचा तक्ता होता, त्यात वजन दर महिन्याला चढत होतं. ताईंनी नेटवर्कवाल्यांना टेबलापाशी उभं केलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं.

"प्रत्येकाच्या जागेपुढे त्याचं नाव टाकायचं असतं," ते म्हणाले. "ते राहिलंय."

"म्हणजे चाळीस माणसांचे कपडे एकाच कपाटात?"

"तसंच काहीसं."

तेवढ्यात ताईंना आपलं 'तक्रारी' हे फोल्डर दिसलं. गेल्या नऊ वर्षांत त्यांनी साहेबांना एक्केचाळीस पत्रं लिहिली होती. एकही पाठवलं नव्हतं. राग आला की लिहायचं, पुन्हा वाचून काना-मात्रा तपासायची आणि ठेवून द्यायचं. खाली सही नव्हती, नुसतंच 'एक कर्मचारी'.

"हे आत्ताच्या आत्ता पुसा."

"आता कुणालाच काही पुसता येणार नाही. घोळ निस्तरेपर्यंत सगळं गोठवावं लागणार."

दुपारपर्यंत पत्रं ऑफिसभर झाली. पाण्याच्या कूलरपाशी माणसं एकमेकांना उतारे ऐकवत होती. 'साहेब सभेला उशिरा येतात आणि वेळेचं महत्त्व सांगून लवकर जातात' हे वाक्य ताईंनी दोन तासांत चौघांकडून ऐकलं. पैकी तिघांनी ते चुकीचं म्हटलं. तेही त्यांनी गिळलं.

तीन वाजता साहेबांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. नेटवर्कवाले एकेका फोल्डरचं नाव वाचत होते आणि ज्याचं त्याने आपलं म्हणायचं होतं. काकांनी वजनाचा तक्ता मान खाली घालून आपला म्हटला. मग 'तक्रारी' आलं.

"मी सगळी पत्रं वाचली," साहेब म्हणाले. "लिहिणाऱ्याला घाबरायचं कारण नाही. भाषा फार चांगली आहे."

ताई उठणार, तेवढ्यात हिशेबनीस उभे राहिले. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते. आता त्यांचं कोण काय वाकडं करणार?

"माझी आहेत," ते म्हणाले. मागून टाळ्या पडल्या.

"सतरावं तर मनाला लागलं," साहेब म्हणाले. "'आत पाणी शिरलंय, काटा जागचा हलत नाही, बदलून द्यावा.' हे माझ्याबद्दलच ना?"

"रूपक आहे, साहेब," हिशेबनीस नम्रपणे म्हणाले.

भीती एका बाजूला राहिली आणि ताई उठल्या.

"यांना 'दुर्लक्ष' सुद्धा धड लिहिता येत नाही. सकाळीच कविता वाचल्यात मी. पत्रं माझी आहेत. चाळीस. हे सतरावं माझं नाही."

"ते माझं," काका चाचरत म्हणाले. "म्हणजे गिऱ्हाईकाचं. मीटरमध्ये खरंच पाणी शिरलं होतं. माझंही 'तक्रारी' नावाचं फोल्डर होतं."

"फोल्डरचं नाव एक, आत नंबरही एक," नेटवर्कवाले म्हणाले. "ताईंच्या सतराव्यावर काकांचं जाऊन बसलं. ताईंचं गेलं."

"गेलं म्हणजे?" ताई म्हणाल्या. "तीन दिवस लागले होते मला त्याला."

हिशेबनीस हळूच खाली बसले. साहेबांनी ताईंकडे पाहिलं.

"काय होतं त्यात? सांगा, मी ऐकतोय."

ताईंनी पदर सारखा केला आणि चाळीस माणसांसमोर सतरावं पत्र तोंडपाठ म्हटलं. "'महोदय, आपल्याकडे कुणीही गाऱ्हाणं घेऊन आलं की आपण ते शांतपणे ऐकता. मान डोलावता. बरोबर आहे, असंही म्हणता. मग ते लेखी मागता. लेखी दिलेलं आपल्या उजव्या खणात जातं आणि तिथून आजवर काहीही बाहेर आलेलं नाही.'"

साहेबांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. मान डोलावली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "ताई, हे मला लेखी द्या."

चाळीस माणसं एकदम खाली वाकून आपापल्या चपला बघू लागली. काय झालं ते साहेबांना कळेना.