शशिकांतरावांचा बंपर

एका जंगलात, जिथे डांबरी रस्ता झाला होता तरी झाडे शिल्लक होती, शशिकांतराव नावाचा एक ससा राहत होता. मुलांनो, असे जंगल कुठे असते का, हे विचारू नका. गोष्टीत असते.

सशाकडे एक छोटी जीप होती. तिच्यातून तो रोज कुरणापर्यंत जाई आणि चारा घेऊन परत येई. रस्ता सपाट होता. वाटेत एकच गतिरोधक होता. तिथे ससा आधी खाली उतरून बघे, मग गाडी पुढे घेई.

एके दिवशी कोल्होबाने त्याला हटकले. गाड्यांना वरचे सामान बसवून देण्याचे कोल्होबाचे दुकान होते. त्याने जीपच्या पुढच्या बंपरवर टकटक केले आणि चेहरा पाडला.

"हे प्लॅस्टिक आहे, शशिकांतराव."

"असू दे की. मी कुठे आपटत नाही."

"तेच म्हणतोय मी. उद्या आपटायची वेळ आली, तर आपटणार कशाने?"

सशाने या बाजूने कधी विचारच केला नव्हता.

मग कोल्होबा गाडीखाली वाकला. स्टेपनी, म्हणजे जादा चाक, तिथे गाडीच्या पोटाशी टांगलेले होते. हे त्याला फारच खटकले. जी स्टेपनी दिसत नाही ती नसल्यासारखीच, असे त्याचे म्हणणे पडले. ती कशी मागच्या दारावर, लोखंडी हातावर, चारचौघांच्या डोळ्यांसमोर हवी. मागून गवा येत असला तर त्यानेही बघत राहावे.

गवा बघेल, एवढे ऐकून ससा विरघळला.

इकडे सशाच्या बायकोची, दूर्वाबाईंची, वेगळीच घाई चालली होती. डोंगरापलीकडे हरळीवाडीत त्यांच्या भावाला सात पिल्ले झाली होती आणि गुरुवारी दुपारी बारसे होते. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या आली नाही तर पाळणा अडतो. आणि दूर्वाबाई भावाची एकुलती एक बहीण होत्या. सशांच्या घराण्यात असे क्वचितच घडते, पण घडले होते.

त्या बुधवारीच उड्या मारत निघणार होत्या. सशाने अडवले. घरात गाडी असताना बायको माहेरी पायी गेली तर जंगल काय म्हणेल, हा त्याचा मुद्दा होता.

गुरुवारी सकाळी गाडी दुकानातून घरी आली. पुढे काळा लोखंडी बंपर, दोन्ही बाजूंना कानांसारखा बाहेर आलेला. मागे त्याचा जुळा भाऊ, म्हणजे तसाच दुसरा बंपर. त्याच्यावर लोखंडी हात आणि हातावर स्टेपनी. बंपरवरचे पारदर्शक प्लॅस्टिक कोणी काढायचे नाही, अशी सशाने ताकीदच दिली होती. नारळ फुटला, लिंबू-मिरची बांधली गेली, शेजाऱ्यांना पेढे गेले. दूर्वाबाई गाडीत बसून सातही नावे पुन्हा पुन्हा मनात घोकत होत्या.

डोंगरात एक खिंड लागते. गेल्या दिवाळीत जीप तिच्यातून आरामात गेली होती. पण गेल्या दिवाळीत जीपला कान नव्हते.

बंपर दोन दगडांमध्ये घट्ट बसला. दोन्हीकडची दारे जरा उघडताच दगडांना टेकली. राहिले मागचे दार. त्याच्यासमोर स्टेपनीचा हात आडवा, आणि त्याची खिट्टी बाहेरून.

पाहता पाहता मागे गर्दी जमली. साळिंदराने काच वाजवली आणि बंपर कुठे बसवला, ते विचारले. तरसाला तो ठोकून बघायचा होता. मुंगसाच्या मेहुण्याकडे याच्याहून जाड होता म्हणे. ससा आतून सगळ्यांना उत्तरे देत होता. अडकला आहे याचे दुःख त्याच्या चेहऱ्यावर होते, पण फार नव्हते.

शेवटी गवा आला. त्याने पाहणी केली आणि सांगितले की मी पलीकडे जातो, बंपरला शिंगे लावतो, एका धक्क्यात गाडी मागे येईल.

"नको, गवेदादा," ससा घाईने म्हणाला. "ओरखडे पडतील."

दूर्वाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. "अहो, हा धडका घ्यायलाच बसवलाय ना?"

"धडका घ्यायला. ओरखडे घ्यायला नाही."

 दूर्वाबाईंनी गव्याला मागची खिट्टी तेवढी काढायला सांगितली. स्टेपनीचा हात बाजूला झाला, दार उघडले. त्या बाहेर पडल्या, टपावर चढल्या, तिथून बॉनेटवर आणि बॉनेटवरून थेट खिंडीपलीकडे गेल्या. ससा गाडी सोडून येईना. स्टेपनी आता सगळ्यांना दिसत होती, म्हणजे चोरालाही दिसत होती.

पाळणा थोडा खोळंबला, पण दूर्वाबाई पोचल्या. त्यांनी साती कानांत साती नावे सांगितली आणि बायकांनी कुर्रर्र केले.

परतताना त्या नवऱ्यासाठी बारशाच्या घुगऱ्या घेऊन आल्या. गाडी खिंडीतच होती. कोल्होबा गिऱ्हाइकांना तिथे आणून, एवढा दाब येऊनही बंपर कसा जरासुद्धा वाकला नाही, ते दाखवत होता.

सशाने घुगऱ्या खाल्ल्या. मग हळूच विचारले, "माझी कोणी चौकशी केली का?"

"केली ना. दादा विचारत होता."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, ते गाडीने येतायत. वेळ लागेल."

तात्पर्य : मुलांनो, बंपर नेहमी भक्कमच बसवावा. गाडी कुठे पोचली नाही तरी चालेल, पण जिथे अडकेल तिथून ती कोणाला हलवता येता कामा नये.