हेल्मेटातले तुळशीराम काकाजी

तुळशीराम काकाजींकडे मोटारसायकल नाही, सायकलही नाही. हेल्मेट मात्र आहे. ते डोक्यात घालून, काच खाली ओढून काकाजी सिहोऱ्याच्या बाजारात पायी जातात आणि आतूनच वांग्यांचा भाव करतात.

हेल्मेट मूळचं माझं. मी त्यांच्या शेजारी भाड्यानं राहतो आणि रोज मोटारसायकलनं तुमसरला ऑफिसात जातो. मी नवं हेल्मेट घेतलं तेव्हा जुनं त्यांनी मागून नेलं.

"तुम्हांला कशाला, काकाजी?"

"तोंड झाकाले, भाऊ."

आता गंमत अशी, की आमच्या गावात मोटारसायकलवालेच हेल्मेट घालत नाहीत. त्यामुळे हेल्मेट दिसलं की ते काकाजीच, हे शेंबडं पोरही सांगतं. लांबूनच हाक येते, "राम राम, तुळशीरामजी!" आणि आतून काकाजी ओरडतात, "मी नाही होय जी!"

ही पाळी त्यांच्यावर एका व्हिडिओनं आणली. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. पाळणे, जिलेबी, ऊस, उकडलेले सिंगाडे, आणि भर दुपारी चौकात दंडार. म्हणजे गावच्याच गड्यांनी केलेलं नाचगाण्याचं नाटक. बायकांची सोंगंही गडीच घेतात. काकाजींना याचं भारी वेड. पण मंडई पाहिजे परक्या गावची, जिथं त्यांना कुत्रंही ओळखत नाही. धान कापायला आलेला असो की घरी पाहुणे असोत, काकाजी एसटीत बसून पसार. तिथं पोत्यावर बैठक मारायची, समोर सिंगाड्यांचा कागद पसरायचा आणि मनसोक्त रडायचं.

मागल्या वर्षी अशाच एका मंडईत आईचं सोंग घेतलेला मिशीवाला गडी ऐन मरणाच्या गाण्यात अडला. कडवं काही आठवेना. लोक खो खो हसू लागले. एकटे काकाजी सिंगाडे सोलत, सोललेले डावीकडे ठेवत, घळाघळा रडत होते. ते तसेच ओरडले, "घाबरू नको माय, होते बराबर!" आणि त्या मिशीवाल्या माउलीला खरंच गाणं आठवलं.

कुणीतरी ते मोबाइलमध्ये घेतलं आणि व्हिडिओ भंडारा, नागपूर ओलांडून पार कुठच्या कुठे गेला. मी दर आठवड्याला एक कविता टाकतो. तिला माझी बायकोसुद्धा न वाचता अंगठा देते. म्हणून सांगतो, मला काकाजींचा हेवा वाटला. पण त्यांचे हाल बघवेनात. वरठीच्या स्टेशनवर फोटो काढणाऱ्यांनी त्यांना असं घेरलं, की त्यांची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. चहावाले त्यांना फुकट चहा देत, पण सुखानं पिऊ देत नसत. भंडाऱ्याच्या एका पितळी भांड्यांच्या दुकानदारानं त्यांना उद्घाटनाला नेलं, हातात घागर दिली आणि म्हणाला, "आता जरासक रडा, काकाजी."

"घागरीले पाहून कायले रडू? चांगली तर आहे घागर!"

मला म्हणाले, "पयले मी पाहाले जात होतो, भाऊ. आता लोक मलेच पाहून राहिले. मंडईत बसू कुठं मी?" हे सांगताना त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

यंदा तर त्याच मंडईवाल्यांनी त्यांना प्रमुख पाहुणे केलं. काकाजी नाही नाही म्हणत होते, पण गळ्यात पडून त्यांनी होकार घेतलाच. मी सोबत गेलो. शाल, नारळ, आणि खुर्ची थेट मंचावर! तिथून दंडारीतल्या गड्यांच्या फक्त पाठी दिसत होत्या. काकाजी बिचारे मान वाकडी करकरून बघत होते. मरणाचं गाणं आलं. मिशीवाला या वेळी एकही शब्द चुकला नाही, पण त्याच्याकडे बघतंय कोण? झाडून सारे मोबाइल काकाजींवर. काकाजींचे डोळे कोरडे ठाक.

"काकाजी, थोडंसं तरी," एक कार्यकर्ता कानाशी लागला.

"येऊन नाही राहिलं ना, बाप्पा!"

"बुढा फुसका निघाला," मागून कुणीतरी म्हणालं.

ऊन उतरताना आम्ही परत निघालो. हेल्मेट घालून काकाजी माझ्या मागे बसले. ते हेल्मेट त्यांच्याकडे गेल्यापासून त्या दिवशीच पहिल्यांदा मोटारसायकलवर चढलं होतं. वाटेत आतून आवाज आला.

"तुमची काकू होती तवा आमी जोडीनं मंडईले जाऊ. ती माह्या डाव्या बाजूनं बसे. रडाचं काम तिचं, सिंगाडे सोलाचं माझं. ती गेली, मंग दोनी कामं माझ्यावरच आली."

मला व्हिडिओतला तो डावीकडचा ढीग आठवला. त्यातला एकही सिंगाडा काकाजींनी तोंडात टाकला नव्हता. लाखो लोकांनी त्यांचं रडणं पाहिलं, मीही पाहिलं. सिंगाडे कुणीच पाहिले नाहीत.

"मग घरी का रडत नाही, काकाजी?"

"घरी रडलं का सून चाय ठेवते, पोरगा डाक्टरले फोन लावते. घाबरतात बिचारे. परक्या गावात कोणी इचारत नाही." थोडं थांबून म्हणाले, "भाऊ, गाडी जरा आवाज करते का?"

मी गिअर खाली टाकला. गाडी घरघरायला लागली आणि माझ्या पाठीमागे हेल्मेटात काकाजी रडायला लागले. मंडईत रडत तसेच, मोकळे, गाण्याच्या दोन ओळी मध्येमध्ये म्हणत. मी हात लांबवून आरसा बाहेर फिरवला. सिहोऱ्याचा फाटा आला, पण मी वळलो नाही. तलावाच्या कडेनं लांबचा रस्ता धरला.

घरी उतरून त्यांनी हेल्मेट काढलं. तोंड नुकतं धुतल्यासारखं, आणि हसू कानापर्यंत.

"काय हेल्मेट आहे, भाऊ! आतमधी कितीबी रडा, बाहेर काहीच दिसत नाही!" आणि खिशातून एक सोललेला सिंगाडा काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

आता दर रविवारी काकाजी हेल्मेट घालूनच दारात उभे राहतात. "भाऊ, पेट्रोल आहे का?" मी किल्ली घेतो. आरसा मी अजून सरळ केलेला नाही.