सांगावा बंद आहे, हे सांगायला आलो

आमचा सांगावा बंद पडला की शेषरावभाऊ आधी इस्त्रीचा शर्ट घालतात, मग लुना काढतात आणि गावातल्या एकेका सभासदाच्या दारात जाऊन सांगतात, "सांगावा बंद हाय. सांगाले आलो." बसा म्हटलं तर बसतात. चहा विचारला तर "घोटभर" म्हणतात आणि कप भरून पितात. पाचव्या घरी पोचेपर्यंत सांगावा आपोआप चालू झालेला असतो. मग हा माणूस पुन्हा पहिल्या घरापासून फिरतो. "चालू झाला. सांगाले आलो."

सांगावा म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी गावच्या कोतवालाबद्दल बोलतेय. सांगावा ही फोनवरून निरोप पाठवायची आमची स्वतःची सेवा आहे. मी आमच्या गावात, उंद्रीत, अकरावी-बारावीच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवते. दहा-बारा वर्षांपूर्वी निलेश नावाचा माझा एक हुशार विद्यार्थी होता. तेव्हा आमच्याकडे रेंज म्हणजे गच्चीच्या एका कोपऱ्यात उभं राहून मिळवायची गोष्ट होती. त्या तेवढ्याशा रेंजवर निरोप जावा म्हणून त्याने हे उभं केलं. फोटो जात नाही, व्हिडिओ जात नाही, फक्त अक्षरं जातात. सोयाबीनचा भाव काय निघाला, कोणाची एसटी चुकली, कोणाच्या घरी माती झाली, हे त्यावरून उंद्रीहून जानेफळला आणि धामणगाव बढ्याला जायचं. फी नाही, जाहिरात नाही, मालक नाही. चालवणारे आम्ही तिघं. निलेश नोकरीला पुण्याला गेला आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकू लागला. उरलो मी आणि भाऊ, घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजायला.

पुढे गावात रेंज आली, सगळ्यांच्या फोनवर ते मोठं ॲप आलं, सकाळी उठल्या उठल्या गुलाबाची फुलं पाठवायची सोय झाली. सांगाव्यावर नावाला साठेक माणसं राहिली. पण ज्या कॉम्प्युटरमधून हे सगळे निरोप जातात, ती आमची मशीन काही नावाला बंद पडत नाही. ती खरोखर बंद पडते. खरं सांगते, गेली तीन-चार वर्षं मला या सांगाव्याचा कंटाळा आला होता. नुसता कंटाळा नाही, वीट.

भाऊ यात कसे आले, तेही ऐका. भाऊ एकतीस वर्षं सबस्टेशनला ऑपरेटर होते. पंचक्रोशीतली लाइट गेली की लोक ज्याला फोन करून शिव्या देतात, तो माणूस. ते रिटायर झाले त्याच सुमारास आम्ही मशीन ठेवायला जागा शोधत होतो. भाऊ स्वतः शाळेत आले आणि म्हणाले, "मॅडम, मशीन माह्या घरी ठेवा. माहं घर पानीपुरवठ्याच्या फिडरवर हाय. तिथची लाइट कमी जाते." असा तांत्रिक सल्ला मला पुण्यातल्या कोणी दिला नसता. मशीन त्यांच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात बसली आणि भाऊ तिचे ऑपरेटर झाले.

कॉम्प्युटर त्यांना येत नव्हता. मी शिकवला. पण शिकले ते सगळं सबस्टेशनच्या भाषेत. मशीन बंद पडली की ती 'ट्रिप' होते. सभासद म्हणजे 'कन्झ्युमर'. एकाच वेळी दहा जण बोलू लागले की 'लोड आला'. आणि एक जाड रजिस्टर. वेळ गेली, वेळ आली, कारण. कारणाचा रकाना मोकळा राहिला तर त्यांना जेवण जात नाही. "कारन ल्याहा, मॅडम. बिनाकारनाची ट्रिप नसते." मी एकदा ते रजिस्टर चाळलं. 'मांजर राऊटरवर झोपली.' 'मुंग्या.' 'निलेशने पुण्याहून काहीतरी केले, विचारले असता नाही म्हणतो.' 'मॅडमनी चुकीचे बटन दाबले.' हे शेवटचं खोटं आहे, पण आता शाईने लिहिलंय.

दिवसाकाठी एक तरी फोन ठरलेला. मी फळ्यावर काहीतरी लिहितेय, पोरं जांभया देतायत, आणि फोन थरथरतो. "मॅडम, ट्रिप झाली." मी घरी पोळ्या लाटतेय, "मॅडम, ट्रिप झाली." माझे मिस्टर त्यांना 'तुझे ट्रिपवाले' म्हणतात. मी त्यांना म्हटलं होतं, भाऊ, तुम्ही हे दारोदार फिरणं सोडा, सगळ्यांना एकदम सूचना पाठवा, सोय आहे. त्यांनी ऐकलं. पुढच्या वेळी मशीन बंद पडल्यावर त्यांनी 'सांगावा बंद आहे' अशी सूचना लिहिली आणि पाठवली कशावरून? सांगाव्यावरूनच! ती अर्थातच गेली नाही. दोन तासांनी मशीन सुरू झाली आणि साठ फोनवर एकदम 'सांगावा बंद आहे' येऊन पडलं. मग लोकांचे फोन. "भाऊ, चालू तं हाय. बंद कराले काढला का?" दुपारभर भाऊ एकेकाला समजावत बसले. मी डोक्याला हात लावला. भाऊंचा चेहरा मात्र त्या दिवशी लग्नघरच्या यजमानासारखा फुलला होता. मी तेव्हा त्याचं काही मनावर घेतलं नाही.

मग गेल्या वर्षी खरं संकट आलं. आमचं सॉफ्टवेअर इतकं म्हातारं झालं की नव्या फोनमधून सांगावा उघडेचना. ज्याने ज्याने नवा फोन घेतला, तो तो गळाला. निलेश म्हणाला, सगळं नव्या सॉफ्टवेअरवर नेऊ, आणि मशीन घरात ठेवायचीच नाही, मोठ्या ठिकाणी ठेवू, तिथली लाइट कधी जात नाही. ते सगळं माझ्याकडे लागलं.

मी भाऊंना स्वच्छ सांगितलं. एकतर हे करू, नाहीतर मी सांगावा सोडते. माझ्याच्याने आता होत नाही. आणि मी सोडला की सांगावा संपला, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"लाइट जातच नाई?" भाऊ म्हणाले.

"नाही."

"असं कसं? लाइट हाय तं जाईनच. थ्या मशीनचा ऑपरेटर कोन हाय?"

"कोणी एक नसतो हो, भाऊ."

"मंग फोन कोनाले करता? मशीन कोन्या गावात हाय थे तं सांगा."

"मुंबईला. कुठेतरी."

"कुठेतरी म्हंजे? फॉल्ट आला तं मी कोठी जाऊ?"

"तुम्हाला जावंच लागणार नाही!" मी ओरडले. केवढा मोठा दिलासा देतेय असं मला वाटत होतं. रजिस्टर उघडून भाऊंनी उगाचच जुनी पानं उलटली. मग म्हणाले, "करा. पन परमिट घ्या."

परमिट म्हणजे काय, तर सबस्टेशनचा नियम. लाइनमन खांबावर चढण्याआधी ऑपरेटरकडून लेखी परमिट घेतो. काम झालं की तोच ते परत करतो. ज्याने घेतलं त्यानेच. तोवर लाइन चालू होत नाही, मग मंत्री येवो की संत्री. भाऊंनी एका शनिवारी संध्याकाळी मला कागदावर परमिट लिहून दिलं. 'सांगावा, जुनी मशीन, बंद करण्यास हरकत नाही.' खाली सही. मी हसून पर्समध्ये टाकलं आणि रविवारी सकाळी त्यांच्या घरी येऊन कामाला लागले. तिकडून निलेश, इकडून मी. दुपारी तीनला नवा सांगावा तयार. शेवटचं चालू करायचं काम भाऊंच्या हातून व्हावं असं मीच म्हटलं होतं. झक मारली आणि म्हटलं.

"परमिट द्या."

पर्स उलटी केली. परमिट नाही. सकाळी निघताना पर्स बदलली होती की काय, देव जाणे. "भाऊ, राहू द्या ना आता. दाबा बटण."

"परमिट वापस आल्याशिवाय नाई. लाइनवर मानूस असू शकते."

"अहो इथे कुठली लाइन? कोण मरतंय इथे?"

"समदे असंच म्हन्तात, मॅडम."

शेवटी मिस्टरांनी घरी शोधून, भाजीच्या पिशवीत सापडलेलं परमिट स्कूटरवरून आणून दिलं, तेव्हा पाच वाजता सांगावा चालू झाला. पुण्यात निलेश दोन तास ताटकळला. रजिस्टरमध्ये कारण लिहिलं गेलं, 'मॅडम.' इतकंच.

एक भानगड उरली. जुने पासवर्ड नव्या मशीनवर येईनात. प्रत्येकाला नवा करून देणं भाग होतं. मी म्हटलं, सगळ्यांना फोन करून सांगू, दोन दिवसांचं काम. भाऊ म्हणाले, नाही, मी जातो. आणि निघाले. दिवसाला एक घर. दोन नाहीत. "लोड वाढवाचा नाई." त्यांनी साठ घरांचे दोन महिने केले. वहिनी नाशिकला लेकाकडे, नातवंडं सांभाळायला, त्यामुळे घरी अडवणारं कोणी नव्हतं. धामणगाव बढ्याला एसटी बदलत बदलत गेले आणि मुक्काम करून आले. एका पासवर्डसाठी मुक्काम!

जानेफळला मी त्यांच्याबरोबर गेले होते. तिथे देवकाबाई म्हणून सत्तरीच्या आजी आहेत, भाजीपाल्याचं शेत आहे त्यांचं. त्यांनी आमची वाटच पाहत असल्यासारखी सतरंजी टाकलेली. भाऊंनी त्यांचा फोन घेऊन पासवर्ड केला, त्यांच्याकडून तीनदा पाठ करून घेतला. मग पोहे आले, मग चहा, मग शेतातली वांगी पिशवीत. मी आत पाणी प्यायला गेले तर सून हळूच म्हणाली, "मॅडम, आई थे उघडतच नाईत हो. पन शेषरावकाका येनार असले की सकाळपासून फोन चार्जिंगले लावतात."

परतताना स्टँडवर मी ते भाऊंना सांगून टाकलं. मी दमले होते, चिडले होते, दोन महिन्यांचा राग होता. "भाऊ, देवकाबाई सांगावा वापरत नाहीत. अर्धे लोक वापरत नाहीत."

"माहीत हाय," ते म्हणाले. "कोन कधी उघडते, थे मले मशीनवर दिसते न."

"मग कशाला गेलो आपण?"

"पासवर्ड तं पाह्यजे न." आणि एसटी येते का ते बघायला रस्त्यापर्यंत गेले.

त्यानंतर काय झालं माहीत आहे? काहीच झालं नाही. नवा सांगावा बंद पडेचना. ना ट्रिप, ना फोन. मी पेपर तपासले, पोळ्या गरम खाल्ल्या, एका रविवारी दुपारी चक्क झोपले. इतक्या वर्षांनी मला माझं घर परत मिळालं होतं. महिना गेला, दुसरा लागला.

एका संध्याकाळी मी खिडकीतून पाहिलं, तर भाऊ आमच्या फाटकावरून चालत गेले. लुना नाही, पायी, इस्त्रीचा शर्ट. थोड्या वेळाने उलटे आले. पुन्हा तिसऱ्यांदा फाटकापाशी थबकले आणि निघाले, तेव्हा मी बाहेर पळाले.

"भाऊ, या ना आत!"

"नाई नाई. काई काम नोहतं."

"काम नसलं म्हणून काय झालं?"

ते फाटकाच्या पलीकडेच उभे राहिले. कडीवर हात होता, पण उघडत नव्हते. "मॅडम, सबस्टेशनले होतो तं दिवसभर फोन वाजे. शिव्या देत लोकं. पन देत तं होते. रिटायर झालो आन् फोन मुका झाला. मले बिनाकामाचं कोनाच्या दारात जाता येत नाई. लाज वाटते. लोकं म्हनतीन, हा काऊन आला? सांगावा बंद पडे तं बरं होतं." मग घाईघाईने म्हणाले, "चालू हाय थे चांगलंच हाय म्हना. तुमाले तरास होता." आणि मी काही बोलायच्या आत गेले.

मी फाटकाशी उभी राहिले. मला माझीच लाज वाटली. लाइट कधी जात नाही असल्या जागी मशीन मीच नेली होती, आणि वर त्यांच्यावर ओरडले होते, तुम्हाला जावंच लागणार नाही म्हणून. सगळा थकवा आपल्याच वाट्याला आलाय या घमेंडीत होते मी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच स्वतःचा रागही आला, कारण रडून काय होणार होतं?

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्याबरोबर मी त्यांना फोन लावला. मला खोटं बोलता येत नाही, आवाज चढतो. "भाऊ, माझ्या फोनवर सांगावा उघडत नाहीये. बंद पडला वाटतं. येता का जरा बघायला?"

पलीकडून एसटीच्या घंटीचा आवाज आला, कंडक्टर कोणाला तरी मागे सरकायला सांगत होता.

"मॅडम, आज नाई जमत," भाऊ म्हणाले. आवाजात चांगलीच तरतरी आली होती. "मी जानेफळले जाऊन राह्यलो. देवकाबाईचा सकाळीच फोन आला, त्याईचा बी बंद हाय म्हने. अन् धामनगावाहून बी दोघाईचे आले. कारन पाहा लागीन."

मी समोरच्या कॉम्प्युटरवर पाहिलं. मशीन ठणठणीत चालू होती. आणि देवकाबाईंना, धामणगावच्या त्या दोघांना मी एका शब्दानेही काही सांगितलं नव्हतं.

"तुमच्याकडे उद्या येतो. चालन का?"

"चालेल की," मी म्हटलं. "सावकाश या. माझं काही घाईचं नाही."