अजून आईचंच चाललंय

टेमघरला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे म्हात्रे सर रविवारी सकाळी शेजाऱ्यांना मिस कॉल द्यायचे. त्याचा अर्थ, माशांनी अंडी घातली, चहाला या.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, गाव खारबाव. हॉलमध्ये सोफ्याच्या जागी पट्टेरी माशांच्या काचेच्या पेट्या. पाहुण्याने बसायचं ते सूक्ष्मदर्शकापुढे, स्टुलावर, एक डोळा मिटून. अंडं अगदी आरपार दिसायचं. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार. सर कानाशी सांगत, "अजून आईचंच चाललंय." म्हणजे गर्भाची स्वतःची जनुकं अजून निजलेली, आईने अंड्यात भरून दिलेल्या निरोपांवर सुरुवातीची कामं उरकायची. काही तासांनी त्याची स्वतःची जनुकं जागी होतात. तोवर सर आम्हाला चहावर चहा पाजत.

माझा धाकटा भाऊ चाळिशीतही आईला विचारून शर्ट घेतो, हे कळल्यावर सर शांतपणे म्हणाले, "त्याचंही अजून आईचंच चाललंय."

गंमत अशी, की जनुकं जागी होण्याचा तो क्षण आला तरी दिसायचं काहीच नाही. निजामपुऱ्यात कापडाचे लूम चालवणारे अन्सारीचाचा एकदा शिफ्ट सोडून आले, बराच वेळ डोळा लावून बसले आणि अदबीने म्हणाले, "सर, दिखा तो कुछ नहीं."

"दिसत न्हायच," सर खूश होऊन म्हणाले. "पण झालं. आता त्याचं त्याने सुरू केलं."

हळूहळू लोक यायचे बंद झाले. मी एकटाच उरलो. एका रविवारी मीही विचारलं, की दिसतच नाही तर माणसं कशाला बोलावता?

सर भिंगाचं चाक उगाच फिरवत राहिले. मग सांगू लागले. मूल होईना म्हणून ते आणि त्यांची बायको, आमच्या वहिनी, मुंबईला उपचारांसाठी जात. प्रयोगशाळेत गर्भ तयार व्हायचे आणि दर वेळी याच टप्प्यावर, स्वतःचं सुरू व्हायच्या आधी, थांबायचे. आत कुणाला सोडत नसत. फोनवर कळायचं. पुढे वहिनीही गेल्या.

"ती एवढंच म्हणायची," सर म्हणाले, "त्या वेळी त्या जिवांजवळ आपलं कोणी असायला हवं होतं."

त्यांनी पुन्हा डोळा भिंगाला लावला. मी खाली घरी फोन करून सांगितलं, जेवायला थांबू नका, मला वेळ लागेल.