आमेन म्हटलेला पलंग

काकांनी लांबलचक प्रार्थना संपवून डोळे उघडले आणि समोरच्या पलंगाच्या पायाला बांधलेली निळी चिंधी पाहून ते पुन्हा घट्ट मिटले. ती चिंधी सासूबाईंच्या हातची होती. म्हणजे पलंगही त्यांचाच होता.

चर्चच्या मदत मंडळाने एका विधवा बाईला आणि तिच्या तीन मुलींना आज खोली मिळवून दिली होती. पीठ, तेल, साखर घेऊन काका थेट कोठारातून आले होते. पलंग मात्र ड्रायव्हरने काकांच्या घरून परस्पर आणला होता. ‘मागच्या खोलीतला जुना उचल,’ असं काकांनीच त्याला सांगितलं होतं. आदल्या दिवशी झाडलोट करताना बायकोने तो जुना पलंग आणि सासूबाईंचा पलंग यांची अदलाबदल केली होती, ते सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

सासूबाई धाकट्या लेकीकडून आज संध्याकाळी परतणार होत्या. पलंग सासऱ्यांनी स्वतः बनवलेला. त्याच्यावर दुसऱ्या कुणी बूड टेकलेलंही त्यांना खपत नसे.

“काका, सांगून टाका की,” ड्रायव्हर कुजबुजला.

“काय सांगू? ‘हा पलंग या घरातून कधी परत जाऊ नये’ असं आत्ताच देवाला सांगून बसलोय!”

तरी काकांनी धीर केला. “ताई, मी याच्यापेक्षा मोठा पलंग आणून देतो. हा जरा...”

“नको हो, हाच देवानं पाठवलाय,” बाईने डोळे पुसले. “जमिनीच्या गारठ्यानं धाकटी सारखी खोकते.”

धाकटी एव्हाना पलंगावर हातपाय पसरून झोपली होती. थोरली काकांकडे रोखून पाहत म्हणाली, “आणि आम्ही आमेन म्हटलंय.”

घरी येऊन काकांनी सासूबाईंच्या खोलीतला जुना पलंग बाहेर काढून तिथे आपला सरकवला, त्यावर त्यांची चादर घातली आणि चपला हाताशी ठेवून बसले.

सासूबाई आल्या, पलंगावर टेकल्या आणि लगेच उठल्या.

“माझा पलंग कुठाय?”

काकांनी सगळं सांगितलं, प्रार्थनेसकट. बायको दाराआड उभी राहून ऐकत होती.

“खोकणारी केवढी आहे?”

“असेल पाचेक वर्षांची.”

“प्रार्थनेत ह्यांचं नाव घेतलंत?”

“तेव्हा ठाऊकच नव्हतं...”

“म्हणजे पलंग ह्यांनी बनवायचा आणि आशीर्वाद वाऱ्यावर सोडायचा! उद्या मला तिकडे न्या. नाव घेऊन पुन्हा प्रार्थना करा. आणि चिंधी सोडू नको म्हणावं त्या बाईला, पाय डुगडुगतो.”

काकांचा जीव भांड्यात पडला. सासूबाईंचे डोळे ओले झालेले पाहून त्यांना भरूनही आलं. “तुम्ही माझ्या पलंगावर आरामात झोपा,” ते म्हणाले. “चार दिवसांत तुमच्यासाठी दुसरा आणतो.”

“डोळे मिटा,” सासूबाई म्हणाल्या.

काकांनी मुकाट्याने मिटले.

“प्रभू, माझ्या जावयानं हा पलंग आनंदानं दिलाय. त्याला सुखी ठेव. आणि हा पलंग या खोलीतून कधी परत जाऊ नये.”

काकांनी दचकून डोळे उघडले. पण तोवर दाराआडून बायकोचा आवाज आला.

“आमेन.”