शून्य पूर्णांक नऊ टक्के

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातल्या ओबरकाल्टबाख गावाच्या वेशीवर ‘जनुकबदलमुक्त गाव’ असा हिरवा फलक आहे. बारा वर्षांपूर्वी तो कोर्बिनियान आसांगर यानं स्वतःच्या हातानं ठोकला. बदललेल्या बियाण्याचा मका गावात शिरू नये म्हणून जी नियमावली झाली, तिची चौदा कलमंही त्यानंच लिहिली. ‘जनुकबदल केलेला कोणताही सजीव गावाच्या हद्दीत उघड्यावर आढळता कामा नये,’ हे सातवं कलम वाचून दाखवताना तर त्यानं टेबलावर मूठ आपटली होती. त्यामुळे रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेऊन तो म्युनिकहून परतला, तेव्हा गावापुढे एक गंभीर प्रश्न उभा राहिला: आता याचं काय करायचं?

उपचार असा होता, की त्याच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांची जनुकं बदलून त्यांना कर्करोग ओळखायला शिकवायचं आणि पुन्हा त्याच्याच अंगात सोडायच्या. पेशींनी काम चोख बजावलं. कर्करोग दिसेनासा झाला. कोर्बिनियानला आता एकच ध्यास लागला होता: बुधवारी खानावळीत, खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसून पत्ते कुटायचे. चौघांचा डाव गेले कित्येक महिने तिघांत रखडत चालला होता.

सरपंचबाई आफ्रा त्सेलनर भेटायला आल्या. एका हातात केक होता, दुसऱ्या हातात नोटीस.

“कोर्बिनियान, तू बरा झालास याचा गावाला मनापासून आनंद आहे. पण कलम सात.”

“अगं, ते मक्यासाठी होतं!”

“‘कोणताही सजीव’ असं लिहिलंयस तू. तू सजीव आहेस ना?”

कोर्बिनियाननं ते मान्य केलं. दोन महिन्यांपूर्वी त्याला याची एवढी खात्री नव्हती.

“आणि उघड्यावर?”

“मी माझ्या बागेत बसलोय, आफ्रा.”

“बघ, तूच म्हणालास,” सरपंचबाई म्हणाल्या आणि त्यांनी केक कापला.

मार्ग काढला तो क्विरिन या कारकुनानं. खाद्यपदार्थात जनुकबदल केलेला माल शून्य पूर्णांक नऊ टक्क्यांपर्यंत असला तर चालतो, असं त्याला एका परिपत्रकात सापडलं. “तुला कोणी खाणार नाहीये,” त्यानं कोर्बिनियानला धीर दिला, “पण कार्यालयात दुसरा आकडाच उपलब्ध नाही.” ठराव झाला. दर मंगळवारी होणाऱ्या रक्ततपासणीत त्या पेशी किती टक्के निघाल्या, त्याचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल. आकडा खाली येईपर्यंत कोर्बिनियाननं कोणत्याही सेंद्रिय शेतापासून तीनशे मीटर लांब राहायचं. खानावळीच्या मागच्या भिंतीला लागूनच क्साव्हरचं सेंद्रिय शेत होतं, आणि क्साव्हर हा पत्त्यांच्या डावातला गडी; उरलेले दोघे म्हणजे सरपंचबाई आणि क्विरिन.

पहिल्याच मंगळवारी म्युनिकच्या डॉक्टरीणबाईंचा आनंदानं फोन आला. “अकरा टक्के! अगदी हव्या तशा टिकल्यात पेशी.” अहवाल फलकावर लागला आणि गावावर शोककळा पसरली.

“अकरा म्हणे,” बेकरीत कोणीतरी कुजबुजलं.

“अरेरे! आणि दिसतो किती ठणठणीत.”

पुढे आकडा सहावर आला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी पडली, गावात बँडवाल्यांनी तालीम सुरू केली. क्साव्हरनं कुंपणाबाहेरून, तीनशे मीटर मोजून, हात हलवला आणि ओरडला, “शाब्बास गड्या! अजून पाचच टक्के! जोर लाव!” कोर्बिनियानच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं घरात येऊन फोन उचलला.

“डॉक्टर, एक विचारू? त्या पेशी जरा कमी करता येतील का? पॉइंट आठवर आल्या तरी पुरे.”

“आसांगरसाहेब, त्या पेशी तुमची राखण करताहेत. त्या गेल्या आणि आजार उलटला, तर?”

“ते कळलं हो. पण उद्या बुधवार आहे.”

बायकोनं, नोटबुर्गानं, त्याच्या हातून फोन ओढून घेतला. “डॉक्टर, ह्याचं डोकं ठिकाणावर नाही. औषधाचा परिणाम असेल का हा?”

“तपासलंय आम्ही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हे आधीपासूनचंच दिसतंय.”

नोटबुर्गा कोट चढवून तडक ग्रामसभेत गेली. नवरा घरी जिवंत आणला होता आणि गाव त्याला टक्क्याटक्क्यानं मारायला निघालं होतं. ती अशी संतापली होती की तिला खुर्चीत बसवेना.

“आफ्रा, तू रोज पोटात टोचतेस ते इन्सुलिन कोण बनवतं गं?”

क्विरिनला माहिती शोधून सांगावं लागलं: जनुकं बदललेले जंतू.

“आणि पाद्रीबाबा, तुमचे झगे ज्या पावडरीनं धुतात, तिच्यातला डाग काढणारा पदार्थ?”

तेही तेच निघालं. तासाभरात असं सिद्ध झालं, की कलम सात आणि नव्या ठरावाप्रमाणे गावातल्या प्रत्येकानं दुसऱ्या प्रत्येकापासून तीनशे मीटर लांब उभं राहिलं पाहिजे. मग खानावळवाला उठला. “म्हणजे माझ्याकडे एका वेळी एकच गिऱ्हाईक बसणार?” हा मुद्दा सर्वांनाच पटला. सुधारित ठराव एकमतानं झाला: ‘ज्याची मोजणी गावाकडे नाही, ते शुद्ध समजावे.’ कोर्बिनियानचा अहवाल फलकावरून उतरवला. म्युनिकवाल्यांनी त्याचं रक्त खुशाल मोजत बसावं, गावाचं त्याच्याशी देणंघेणं उरलं नाही.

बुधवारी कोर्बिनियान आपल्या खुर्चीत बसला. पेशी सहावर ठाम होत्या. पहिला डाव त्यानं इतका वाईट खेळला, की क्साव्हरनं त्याला मनसोक्त शिव्या दिल्या, आणि कित्येक महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

एकट्या क्विरिनला चैन पडेना. टेबलावरचं कापड चिमटीत धरून तो म्हणाला, “सरपंचबाई, हा कापूस भारतातून आलाय. तिथला जवळजवळ सगळाच कापूस बदललेल्या बियाण्याचा असतो.”

“कोणी मोजलाय का?”

“नाही.”

“मग शुद्ध. पत्ते वाट.”

तर वाचकहो, ओबरकाल्टबाखला हसून झालं असेल, तर जरा अंगातल्या सुती सदऱ्याकडे बघा. कापूस आपल्याच काळ्या मातीतला आहे. सदरा काढून ठेवायची गरज नाही. फक्त कोणाला मोजू देऊ नका.